लघवीतील पारा काय सांगतो?

प्रयोगशाळेतील पाऱ्याचा वायुभारमापक तुमच्या परिचयाचा आहे. त्याच्या नळीत पारा भरणाऱ्या कामगाराचा विचार तुम्ही कधी केला आहे काय? पाऱ्याची नेहमीच्या तापमानालाही थोडी वाफ होत असते. तिला रंग नाही, वास नाही. ती श्वासावाटे रक्तात जाते. त्यातील पारा मूत्रपिंडांत साठतो आणि हळूहळू लघवीवाटे बाहेर पडतो. शरीरातील पारा निम्मा व्हायला सुमारे दोन महिने लागतात. म्हणून लघवीतील पारा केवळ आजचा नव्हे, तर गेल्या काही महिन्यांचा हिशेब सांगतो.

हे प्रमाण फार थोडे, लिटरमागे काही मायक्रोग्रॅम असते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दशलक्षांश भाग! मग ते मोजतात कसे? नमुन्यावर आम्लाची प्रक्रिया करून त्यात स्टॅनस क्लोराइड घालतात. त्यामुळे पाऱ्याच्या आयनांचे धातूत रूपांतर होते. द्रावणातून हवा सोडली की पाऱ्याची वाफ तिच्याबरोबर एका नळीत येते. त्या नळीतून २५३.७ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण सोडतात. पाऱ्याचे अणू ते शोषून घेतात. शोषण जितके अधिक, तितका पारा अधिक.

आता एक गणित पाहू. समजा, एका कामगाराच्या सकाळच्या लघवीत लिटरमागे ६० मायक्रोग्रॅम पारा सापडला. दुपारी, भरपूर पाणी प्यायल्यानंतर, तो १५ भरला. उरलेला पारा गेला कुठे? कुठेच नाही, लघवी पातळ झाली! यावर उपाय म्हणजे क्रिएटिनिन. स्नायूंत तयार होणारा हा पदार्थ बऱ्याच अंशी एकसारख्या वेगाने लघवीत उतरतो. सकाळी तो लिटरमागे २ ग्रॅम होता, दुपारी ०.५ ग्रॅम. भागाकार करा. दोन्ही वेळा उत्तर एकच येते : क्रिएटिनिनच्या दर ग्रॅममागे ३० मायक्रोग्रॅम पारा.

अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने यासाठी २० ही मार्गदर्शक मर्यादा सुचवली आहे. नुसता १५ हा आकडा पाहून 'काळजी नाही' म्हटले असते, तर तो कामगार पुन्हा त्याच वाफेत कामाला गेला असता. खरे तर त्याच्या कामाच्या जागी वाफ खेचून घेणारे पंखे हवेत आणि सांडलेला पारा तत्काळ गोळा व्हायला हवा.

सर्वच धातूंना ही चाचणी चालत नाही. शिसे रक्तातील तांबड्या पेशींत आणि हाडांत जाऊन बसते. म्हणून त्याच्यासाठी मुख्यतः रक्त तपासतात.

आता तुम्ही सांगा : दुसऱ्या एका कामगाराच्या लघवीत लिटरमागे २४ मायक्रोग्रॅम पारा आणि १.५ ग्रॅम क्रिएटिनिन आहे. तो मर्यादेच्या आत आहे की बाहेर?