सशाचा डोळा आणि पहिले शील

पंचशील ग्रहण करताना आपण सर्वप्रथम प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे शील घेतो. आपला विद्यार्थी उद्या वैद्यकीय संशोधनाच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकील तेव्हा हेच शील प्रश्न होऊन त्याच्यापुढे उभे राहील. तो प्रश्न टाळून पुढे जाता येते, असे आम्हांस वाटत नाही.

१८८४ साली व्हिएन्नातील तरुण डॉक्टर कार्ल कोलर यांनी बेडकाच्या डोळ्यात कोकेनच्या द्रावणाचा थेंब टाकला. डोळ्याला स्पर्श करूनही बेडूक हलला नाही. मग ससा, कुत्रा आणि अखेरीस कोलर यांचे स्वतःचे डोळे. डोळा बधिर करून शस्त्रक्रिया करण्याचा मार्ग तेथून खुला झाला. मोतीबिंदू काढून घरी परतलेल्या आपल्या आजीवर त्या मुक्या जिवांचे ऋण आहे.

आजच्या प्रयोगशाळेत सशाची तयारी भुलीच्या बऱ्याच आधी सुरू होते. भ्यालेला ससा मागच्या पायांनी असा हिसडा देतो की त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. म्हणून हाताळणाऱ्याचा हात शांत हवा. औषधाची मात्रा वजनावर ठरते, तेव्हा वजन आधी. माणसाप्रमाणे त्याला रात्रभर उपाशी ठेवीत नाहीत, कारण सशाला उलटी होतच नाही. उलट उपवासाने त्याचे आतडे मंदावते. केटामाइन व झायलाझिन यांचे एकत्रित इंजेक्शन पुष्कळ ठिकाणी रूढ आहे. त्या गुंगीत डोळे उघडेच राहतात. ज्या डोळ्यावर शस्त्रक्रिया नाही, तोही कोरडा पडून दुखावतो. म्हणून त्यात मलम घालतात. पायाचे बोट चिमटून भूल पुरेशी आहे का ते पाहतात, अंगाखाली ऊब ठेवतात. मगच बधिर करणारा थेंब, पापणीभोवतीचे केस कापणे आणि पोव्हिडोन आयोडीनने स्वच्छता. शस्त्रक्रियेत डोळ्याचे स्नायू ताणले गेले तर हृदयाचे ठोके मंदावू शकतात. त्यावर माणसाला अॅट्रोपिन उपयोगी पडते, पण अनेक सशांच्या रक्तातील एक विकर ते झपाट्याने निकामी करते. माणसाचे गणित सशाला लावून चालत नाही, ते असे.

सिवि जातकातील राजा आपले डोळे दान करतो. सीवक वैद्य त्याला पुन्हा विचार करावयास सांगतो, अजूनही डोळा पूर्ववत करता येईल असे बजावतो. राजा ठाम राहतो. सशाला असे कोणी विचारीत नाही, आणि विचारले तरी तो काय सांगणार? त्याच्या वतीने विचारण्याचे काम आपल्या देशात संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीकडे आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार अशी शस्त्रक्रिया वेदना जाणवणार नाही इतकी भूल देऊनच व्हावयास हवी. केवळ हाताला सराव व्हावा म्हणून शक्यतो प्रयोग करू नयेत, असेही तो सांगतो. सरावासाठी खाटकाकडून आणलेले बकऱ्याचे डोळे वापरता येतात. त्यानेही शीलाचा प्रश्न पुरता सुटत नाही, हे आम्ही जाणतो.

भूल उतरल्यावर ससा ओरडत नाही. वेदना लपविणे हा त्याचा स्वभावच. तो कोपऱ्यात आक्रसून बसतो, खाणे सोडतो. म्हणून वेदनाशामक देऊनही काळजीवाहकाने दुसऱ्या सकाळी पिंजऱ्यापाशी वाकून, चारा किती उरला आणि लेंड्या किती पडल्या, हे पाहावयाचे असते.