युद्धकाळातील मोड व दुकानदारांचे बिल्ले

मोड नाही म्हणून दुकानदार हातावर चॉकलेट ठेवतो. तेच चॉकलेट उद्या त्याला पैसे म्हणून दिले तर तो घेईल काय? हा प्रश्न वर्गात विचारला की मुले हसतात. अमेरिकेच्या यादवी युद्धात मात्र तो हसण्यावारी नेण्यासारखा राहिला नव्हता.

युद्ध १८६१ साली सुरू झाले. वर्षअखेरीस उत्तरेकडील बँकांनी नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबविले. पुढे सरकारी कागदी नोटांचा भाव उतरला, तेव्हा लोकांनी सोने, मग चांदी आणि शेवटी साधा सेंटदेखील गाठीला बांधला. पाव घ्यावा कसा, ट्रामचे भाडे द्यावे कशाने? प्रथम टपालाची तिकिटे चालू झाली. पण मागचा डिंक घामट हातांना चिकटे. जॉन गॉल्ट याने १८६२ मध्ये ती अभ्रकाआड पितळी चकतीत बसविण्याचे पेटंट घेतले. युक्ती नामी, परंतु महागडी.

मग खाटीक, किराणावाले, गुत्तेवाले यांनी आपापली नावे घालून सेंटएवढे तांब्याचे बिल्ले पाडले. असे सुमारे अडीच कोटी बिल्ले निघाले असावेत, असा जाणकारांचा अंदाज आहे. काहींवर ‘एक सेंट’ ठळक आणि त्यावर ‘नव्हे’ हा शब्द अगदी बारीक! बनावट नाण्याचा आळ येऊ नये म्हणून ही पळवाट. बिल्ला पाडायला सेंटहून कमी खर्च येई, म्हणजे दुकानदाराला वर नफाच.

पण बिल्ला म्हणजे दुकानदाराचे वचन. न्यूयॉर्कचा गुत्तेवाला लिंडेनम्यूलर याने दहा लाखांहून अधिक बिल्ले काढले. ट्राम कंपनीने उतारूंकडून साठलेले बिल्ले त्याच्याकडे पाठविले, तर त्याने पैसे देण्यास साफ नकार दिला, असे सांगतात. कंपनीला कायद्याचा आधार नव्हता!

१८६४ साली सरकारने खासगी नाणी बंद केली. गंमत अशी की, सरकारचा नवा सेंटही त्या बिल्ल्यांसारखाच पातळ व काशाचा निघाला, वजन ४.६७ ग्रॅमवरून ३.११ वर आले.

दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडेही मोड दडपली गेली. १९४० मध्ये एक रुपयाची नोट आली, १९४३ मध्ये तांबे वाचविणारा भोकाचा पैसा. काठेवाडातील काही संस्थानांनी तर पुठ्ठ्याची कूपने काढली. तेथे निदान वचन देणारा दुकानदार नव्हता, दरबार होता.