सर्वांचा कुंचला

गेल्या उन्हाळ्यात माळ्यावरची जुनी पेटी उघडली, तेव्हा तीत माझ्या आईचे छायाचित्र सापडले. आईचे तेवढे एकच छायाचित्र आमच्या घरी आहे. ओल लागून त्यावर डाग पडले होते, आणि घडी पडल्यामुळे आईच्या कपाळावरून एक पांढरी रेघ गेली होती. मी ते माझ्या एका माजी विद्यार्थ्याकडे नेले. त्याने त्याची प्रत संगणकात घेतली आणि माझ्या देखत ती रेघ हळूहळू नाहीशी केली.

हे कसे घडले? संगणकावरील चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळीच होय. प्रत्येक ठिपक्यात तांबडा, हिरवा व निळा हे रंग किती, हे आकड्यांनी लिहिलेले असते. रफू करणारा कारागीर त्याच कापडातील धागा काढून भोक बुजवितो. तसेच येथे शेजारच्या चांगल्या ठिपक्यांचा रंग घेऊन बिघडलेली जागा भरावयाची. हे काम पारदर्शक कागदासारख्या निराळ्या थरावर करता येते. त्यामुळे खालचे मूळ चित्र जसेच्या तसे राहते.

"ही प्रणाली महाग असेल," मी म्हणालो.

"नाही सर. हिचे नाव गिम्प. हिला पैसे पडत नाहीत."

"फुकटची वस्तू कितपत टिकायची?" मी शंका काढली. तेव्हा त्याने मला तिची हकीकत सांगितली.

या क्षेत्रात सर्वांत नावाजलेली प्रणाली म्हणजे फोटोशॉप. टॉमस व जॉन नोल या अमेरिकन बंधूंनी ती रचली आणि अडोबी कंपनीने 1990 साली ती बाजारात आणली. ती उत्तम आहे, यात शंका नाही. परंतु 2013 पासून तिच्या नव्या आवृत्त्या वर्गणी भरूनच वापराव्या लागतात. वर्गणी थांबली की वापरही थांबतो. ज्याचा धंदाच छायाचित्रांचा आहे, त्याला हे परवडेल. परंतु विद्यार्थ्याने काय करावे?

1995 साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथील विद्यापीठात स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस हे दोन विद्यार्थी शिकत होते. त्यांनी चित्रांवर काम करणारी एक प्रणाली स्वतःच रचावयास घेतली आणि 1996 साली ती लोकांना देऊन टाकली. पडद्यावरील खिडक्या व कळी काढण्यासाठी त्यांनी प्रथम दुसऱ्याची मालकीची साधने वापरली होती. ती मनास येईनात, म्हणून तीही त्यांनी नव्याने घडविली. त्याच वर्षी लॅरी युइंग यांनी लिनक्सचे बोधचिन्ह असलेला पेंग्विन गिम्पवरच रंगविला.

पुढे शिक्षण संपले आणि ते दोघे आपापल्या उद्योगास लागले. काम मंदावले. एखाद्या कारखान्याचे मालक निघून गेले, तर त्याला कुलूप लागते. येथे मात्र तसे झाले नाही. गिम्पची मूळ आज्ञावली, म्हणजे ती कशी रचली आहे याचा संपूर्ण लेखी आराखडा, सर्वांस वाचावयास खुला होता. कोणीही तो अभ्यासावा, सुधारावा व इतरांस द्यावा. अट एवढीच की, सुधारलेली प्रणाली वाटताना घेणाऱ्यालाही हाच हक्क द्यावा. म्हणून इतर लोक पुढे आले. 1998 साली गिम्पची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली, आणि मार्च 2025 मध्ये तिसरी मोठी आवृत्ती प्रसिद्ध झाली. जनक निघून गेले, तरी काम चालू राहिले.

तिच्यात उणिवा नाहीत असे नव्हे. नवशिक्याला तिची मांडणी प्रथम अवघड वाटते. छापखान्याच्या चार शाईंच्या रंगांसाठीची तिची सोय फोटोशॉपइतकी परिपूर्ण नाही. चित्रावर केलेला संस्कार मागाहून हवा तेव्हा बदलण्याची सोय तर तिच्यात 2025 मध्येच आली. तथापि, उणीव दिसली तर ती दूर करण्याची वाट येथे कोणालाही बंद नाही.

"म्हणून सर," तो म्हणाला, "हिला फुकट म्हणू नका, मोकळी म्हणा. फुकट वस्तू आपण नुसती घेतो. मोकळ्या वस्तूत आपल्यालाही भर घालता येते."

चाळीस वर्षे मी शिकविले. त्या दिवशी मी शिकलो. आईचे ते छायाचित्र आता भिंतीवर आहे. तिच्या कपाळावर रेघ नाही. ती पुसणारा कुंचला किती अनोळखी हातांनी घडविला असेल, हा विचार त्याकडे पाहताना माझ्या मनात येतो.

स्वाध्याय

1. फाटलेले चित्र दुरुस्त करण्याच्या क्रियेस लेखकाने कोणती उपमा दिली आहे? ती कशी लागू पडते?
2. जनक निघून गेल्यावरही गिम्पचे काम का थांबले नाही?
3. 'फुकट' आणि 'मोकळे' यांतील भेद तुमच्या शब्दांत सांगा.
4. वाक्यांत उपयोग करा : नावाजलेला, मनास येणे, भर घालणे.
5. अनेकांनी मिळून उभारलेल्या तुमच्या गावातील एखाद्या कामाविषयी दहा ओळी लिहा.