न झालेल्या लढतींचा वाद : काय करावे, काय टाळावे

अली विरुद्ध टायसन, मार्सियानो विरुद्ध फोरमन, डेम्प्सी विरुद्ध फ्युरी. हेवीवेट बॉक्सिंगचे दोन चाहते भेटले की अशा लढती लागतातच. त्यांचा निकाल कधी लागणार नाही हे उघड आहे, पण अंदाज कच्चा की पक्का हे ठरवता येते. त्यासाठी ही पथ्ये.

काय करावे

1. नावापुढे साल लावा. नोव्हेंबर 1966 मध्ये ह्यूस्टनला क्लीव्हलंड विल्यम्सला तिसऱ्या फेरीत संपवणारा अली पायांवर जिंकत होता. पुढच्याच वर्षी सैन्यभरती नाकारल्यामुळे त्याचा परवाना गेला. साडेतीन वर्षांनी तो परतला तेव्हा ते पाय उरले नव्हते. 1974 मध्ये किन्शासाला त्याने फोरमनला हरवले ते दोरांना टेकून, मार झेलून. टायसनचेही तेच. जून 1988 मध्ये मायकेल स्पिंक्सला 91 सेकंदांत आडवा करणारा आणि फेब्रुवारी 1990 मध्ये टोकियोत बस्टर डग्लसकडून हरणारा, या दोन टायसनांत पुरती दोन वर्षेही नाहीत.

2. फेऱ्या आधी ठरवा. 1982 मध्ये किम डुक-कू हा कोरियन बॉक्सर लढतीतल्या दुखापतीने गेला. त्यानंतर त्या दशकात किताबाच्या लढती 15 वरून 12 फेऱ्यांवर आल्या. हा बदल किरकोळ समजू नका. 1952 मध्ये मार्सियानोने वॉलकॉटला तेराव्या फेरीत नॉकआउट करून किताब घेतला, तेव्हा तिन्ही गुणपत्रिकांवर वॉलकॉट पुढे होता. 1941 मध्ये जो लुईने बिली कॉनला तेराव्याच फेरीत पाडले. तिथेही दोन गुणपत्रिका कॉनच्या बाजूने होत्या आणि तिसरी बरोबरीत. आजच्या नियमाने दोन्ही रात्री निकाल उलटा लागला असता.

3. बाकीचे नियमही सांगा. 1919 मध्ये टोलेडोला डेम्प्सीने विलार्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडले. पडलेला उठेपर्यंत दुसऱ्याने लांबच्या कोपऱ्यात थांबण्याचे बंधन तेव्हा नव्हते. विलार्ड उठत असतानाच डेम्प्सी पुन्हा तुटून पडत होता. आजचा पंच हे चालू देणार नाही.

4. वजन मांडा, पण तिथेच थांबू नका. मार्सियानो सुमारे 84 किलोंचा, डेम्प्सी 85 चा. आज क्रूझरवेटची मर्यादा जवळपास 91 किलो आहे, म्हणजे दोघेही हेवीवेटमध्ये मोडले नसते. मे 2024 मधल्या लढतीत टायसन फ्युरी सुमारे 119 किलोंचा होता. हा फरक हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पण त्याच रात्री फ्युरीला हरवणारा उसिक क्रूझरवेटमधूनच वर आलेला होता, आणि डेम्प्सीपेक्षा विलार्ड सुमारे 26 किलोंनी जड होता. वजनावर मात करता येते. ती कशी करणार, हे मात्र तुम्हाला सांगता आले पाहिजे.

5. शैलीसमोर शैली ठेवा. फ्रेझरने 1971 मध्ये अलीला हरवले. फोरमनने 1973 मध्ये फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडले. अलीने 1974 मध्ये फोरमनला हरवले. केन नॉर्टनने अलीचा जबडा मोडला, पण फोरमनसमोर तो दोन फेऱ्याच टिकला. डावाला तोड असते, आणि ती प्रत्येकाकडे वेगळी. म्हणून अली–टायसन लढवायची तर दोन प्रश्न विचारा. वाकून आत घुसणाऱ्या, डाव्या हुकवर भिस्त ठेवणाऱ्या फ्रेझरने अलीचे काय केले? आणि लांब हातांच्या, जॅब मारत राहणाऱ्या डग्लसने आणि लेनक्स लुईसने टायसनचे काय केले?

6. दोन पिढ्यांत खरोखर झालेल्या लढती पुरावा म्हणून वापरा. फोरमन 42 व्या वर्षी होलीफील्डसमोर बाराही फेऱ्या उभा राहिला. 45 व्या वर्षी, 1994 मध्ये, त्याने 26 वर्षांच्या मायकेल मूररला दहाव्या फेरीत पाडून किताब परत घेतला. सत्तरच्या दशकाला कमी लेखणाऱ्याने आधी याचे उत्तर द्यावे.

काय टाळावे

1. संगणकाचा कौल प्रमाण मानू नका. 1967 मध्ये मायामीच्या मरे वोरोनरने संगणकाच्या आधारे रेडिओवर सर्वकालीन विजेत्यांची स्पर्धा लावली. त्यात जेफ्रीजकडून हरवल्याबद्दल अलीने दावा ठोकला. पुढे अली आणि मार्सियानो यांनी कॅमेऱ्यासमोर लुटुपुटीच्या फेऱ्या खेळल्या आणि शेवटही एकाहून अधिक चित्रित झाले. जानेवारी 1970 मध्ये चित्रपट लागला तेव्हा अमेरिकेत मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकला. युरोपात अली जिंकल्याची आवृत्तीही दाखवली गेली. त्याआधीच, ऑगस्ट 1969 मध्ये, मार्सियानो विमान अपघातात गेला होता. प्रेक्षक बदलला की निकाल बदलतो, त्याला पुरावा म्हणत नाहीत.

2. मूकपटांवरून वेग ठरवू नका. ते कॅमेरे हाताने फिरवले जात. ती फिल्म नंतरच्या गतीने चालवली की माणसे झटके दिल्यासारखी हलतात. जॅक जॉन्सन पाहताना त्याच्या हालचालीचा वेग सोडा आणि समोरच्याचा ठोसा तो वाटेतच कसा अडवतो ते बघा.

3. नुसता आकडा फेकू नका. मार्सियानोचे 49–0 खरेच. पण त्याच्याशी लढताना लुई 37 वर्षांचा होता आणि वॉलकॉट 38 चा. उलट लेनक्स लुईस दोनदा हरला, पण दोघांनाही त्याने पुढे गाठून हरवले.

4. किताब म्हणजे त्या काळातला सर्वोत्तम, असे धरू नका. 1915 मध्ये जॉन्सन हरल्यापासून 1937 मध्ये जो लुईपर्यंत एकाही कृष्णवर्णीयाला हेवीवेट किताबासाठी लढू दिले गेले नाही. हॅरी विल्स डेम्प्सीची वाट पाहत राहिला. सॅम लँगफोर्डला तर विजेतेपदावर असताना खुद्द जॉन्सननेही संधी दिली नाही. अंदाजात या दोघांची नावे नसतील, तर तुमची यादी अपुरी आहे.

5. ‘जुने ते सोने’ नको आणि ‘नवे तेच सरस’ही नको. आजचा खेळाडू आहाराने, व्यायामाने आणि आकाराने वरचढ आहे. पण जो लुईने एकट्या 1941 मध्ये सात वेळा किताब राखला. आजचा विजेता वर्षातून एकदा-दोनदा रिंगमध्ये उतरतो. शरीर प्रयोगशाळेत घडेल, पण अडचणीतून निसटण्याची अक्कल लढूनच येते.

या पथ्यांवर माझा कौल असा : 1966 चा अली, 1988 चा टायसन, 15 फेऱ्या. पहिल्या चार फेऱ्यांत धोका टायसनचा, त्यानंतर लढत अलीची, आणि दहाव्या फेरीच्या पुढे निकाल अलीच्या बाजूने. पटत नसेल तर जरूर भांडा. फक्त साल, फेऱ्या आणि निदान एक खरी लढत हाताशी ठेवून या.