सरड्याच्या रसदीचा हिशेब

उन्हाळी सुट्टीवरून परतलेला नववीचा एक कॅडेट जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आला आणि म्हणाला, "सर, आमची सगळी झुरळं संपली." घरी मोठ्या भावाने बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे ऑस्ट्रेलियातला दाढीवाला सरडा, पाळला आहे. त्याच्यासाठी ५० डबिया झुरळे आणली. पैदास आपोआप होईल या भरवशावर रोज तीन-चार खाऊ घातली, तीही मोठी निवडून. तीन आठवड्यांत खोके रिकामे.

मोठी निवडली म्हणजे प्रामुख्याने माद्याच गेल्या. बी-बियाणेच दळून खाल्ले, तर पीक कुठून येणार?

डबिया (ब्लॅप्टिका डुबिया) हे दक्षिण अमेरिकेतले झुरळ. गुळगुळीत प्लॅस्टिकवर त्याला चढता येत नाही, म्हणून ते पाळायला सोपे. नराला पूर्ण पंख असतात, मादीला नुसते खुंट. स्वयंपाकघरातले झुरळ अंड्यांची डबी बाहेर टाकते. डबियाची मादी मात्र अंडी पोटातच उबवते आणि साधारण दोन-अडीच महिन्यांनी २० ते ३० जिवंत पिल्ले देते. पिल्लू कात टाकत टाकत वाढते आणि प्रौढ व्हायला चार ते सहा महिने घेते. तुम्ही शिकलेल्या अपूर्ण रूपांतरणाचे हे चांगले उदाहरण.

आता हिशेब. ४० माद्या आणि १० नर घ्या. प्रत्येक मादीमागे अडीच महिन्यांत २५ पिल्ले धरली, तर एकूण १०००, म्हणजे महिन्याला ४००. मरतुकीसाठी १०० वजा करा. पूर्ण वाढलेला ड्रॅगन मुख्यतः पालेभाज्यांवर राहतो. आठवड्यातून तीनदा दहा-दहा मध्यम झुरळे दिली, तर महिन्याला १२० ते १३० लागतात. म्हणजे रसद पुरते आणि उरतेही. पण ही रसद सुरू व्हायला पाच महिने जावे लागतात. तोवर खोक्याला हात लावायचा नाही. सरड्याचे किडे विकत आणायचे. त्यानंतरही जादा नर आणि मध्यम पिल्लेच काढायची. सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठे झुरळ देऊ नये.

हे सगळे गणित उबेवर चालते. २८ ते ३२ अंश सेल्सिअसला पैदास चांगली होते, २० च्या खाली जवळपास थांबते. चेन्नईच्या क्वार्टरमध्ये काही करावे लागणार नाही; अंबाल्याला जानेवारीत थर्मोस्टॅट लावलेली हीट मॅट हवी. खोक्यात पुठ्ठ्याचे अंड्यांचे ट्रे उभे असतात, त्यामुळे आत बल्ब सोडण्याचा जुगाड करू नका, पुठ्ठा पेटतो. पाण्याची वाटीही नको, बारीक पिल्ले बुडतात. गाजर, भोपळा किंवा संत्र्याची फोड पुरते. कुजण्याआधी काढून टाका.

कोरडा खाऊ म्हणून पुष्कळ जण मांजराचे खाद्य घालतात. इथे जपा. जास्तीच्या प्रथिनातला नायट्रोजन झुरळ यूरिक आम्लाच्या रूपात शरीरात साठवते. तेच सरड्याच्या पोटात जाते आणि त्याला संधिवाताचा, मूत्रपिंडाचा त्रास होऊ शकतो. खाऊ घालण्याआधी एक-दोन दिवस झुरळांना ताजी भाजी द्या. त्यांच्यात कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त असतो, म्हणून देताना वरून कॅल्शियमची पूड भुरभुरवा. नाहीतर सरड्याची हाडे मऊ होऊन वाकतात. स्वयंपाकघरातली झुरळे पकडून घालण्याचा स्वस्त उपाय एका आईंनी सुचवला होता. त्या झुरळांच्या अंगावर फवारणीचे विष असू शकते, म्हणून तो नको.

पालकांसाठी एक गोष्ट. झुरळांच्या विष्ठेची आणि कातीची धूळ ॲलर्जी आणि दमा वाढवते. सैन्याच्या वैद्यकीय तपासणीत दमा अडसर ठरतो, हे आपल्या मुलांना ठाऊक आहे. खोके झोपायच्या खोलीत नको. सफाई मास्क लावून, मोकळ्या हवेत करावी. घरात कुणाला दमा असेल, तर हा छंद नकोच.

आणि सगळ्यांत आधी: सरडा कोणता? घोरपड किंवा तारा कासव घरी ठेवणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर चौथ्या अनुसूचीतल्या परदेशी प्राण्यांची नोंदणीही करावी लागते. आपला प्राणी त्यात येतो का, ते आधी पाहा. नको झालेला सरडा किंवा झुरळे बाहेर सोडू नका.

आमच्या कॅडेटच्या भावाने जुलैत नवे खोके लावले आहे. दिवाळीच्या सुट्टीत दोघे मिळून मोजणी करतील. पांढरीफटक पिल्ले दिसली, तर रोग समजून फेकू नकोस, असे त्याला बजावले आहे. ती नुकती कात टाकलेली असतात, काही तासांत पुन्हा तपकिरी होतात.