रँच-घरापुढील आवाराची अल्पव्ययी रचना

घरापुढील जागा शोभिवंत करावयाची म्हणजे पुष्कळ पैसा ओतावा लागतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वास्तविक पैसा रोपांत फारसा जात नाहीं. तो जातो भलत्या जागीं लावलेलीं झाडें उपटून पुन्हां लावण्यांत, आणि त्याहूनहि अधिक, वर्षानुवर्ष विकत घ्याव्या लागणाऱ्या पाण्यांत. जमीन, उतार व पाणी यांचा विचार अगोदर करून रोपें सर्वांत शेवटीं आणणाऱ्याचें काम थोडक्या खर्चांत होतें व टिकतें. हेंच तत्त्व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं कॅलिफोर्नियांतील रँच-घरांच्या उदाहरणानें ह्या पाठांत समजावून द्यावयाचें आहे. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं मुलें व नातवंडें तिकडे स्थायिक झालीं आहेत. वडीलधारीं माणसें तेथें कांहीं महिने राहावयास जातात, तेव्हां दारापुढील जमीन पाहून त्यांचे हात स्वस्थ राहत नाहींत. त्यांस हा पाठ प्रत्यक्ष उपयोगीं पडेल. इतरांसहि त्यांत कोरडवाहू मुलुखाचाच विचार आढळेल.

घराचा प्रकार

‘रँच’ हा शब्द स्पॅनिश ‘रांचो’ ह्या शब्दापासून निघाला आहे. कॅलिफोर्निया प्रथम स्पेनच्या व पुढें मेक्सिकोच्या ताब्यांत असतां तेथें गुरांचे मोठमोठे मळे होते. मळेवाल्यांचीं घरें कच्च्या विटांचीं, एकमजली, लांबट व पुढें पडवी असलेलीं असत. ह्या घरांचा घाट समोर ठेवून क्लिफ मे ह्या सॅन दिएगोच्या रचनाकारानें १९३० नंतरच्या वर्षांत नव्या धर्तीचीं घरें बांधण्यास आरंभ केला. १९४६ सालीं ‘सनसेट’ मासिकानें त्याच्या साह्यानें रँच-घरांवर एक पुस्तक काढलें. दुसऱ्या महायुद्धानंतर परत आलेल्या सैनिकांस व त्यांच्या कुटुंबांस घरें हवीं होतीं, त्या काळांत हा प्रकार देशभर पसरला. थोडक्यांत म्हणजे हें आपल्या बैठ्या घरासारखें घर आहे: ठेंगणें, लांब, कमी उताराच्या छपराचें, रुंद वळचणीचें, मोठ्या खिडक्यांचें, आणि एका बाजूस मोटार ठेवण्याची खोली जोडलेलें.

मूळ मळ्यांवरील घरांभोंवतीं हिरवळ राखण्याची चाल नव्हती. नव्या वसाहतींत मात्र प्रत्येक घरापुढें कातरलेली हिरवळ पसरली. ही चाल इंग्लंडसारख्या वर्षभर पाऊस पडणाऱ्या देशांतील आहे. लॉस एंजल्स येथें वर्षाकाठीं सरासरी चौदा-पंधरा इंच पाऊस पडतो, व तोहि हिंवाळ्यांत. मे महिन्यापासून सप्टेंबरपर्यंत आभाळ बहुतेक कोरडें असतें. अशा ठिकाणीं हिरवळ राखणें म्हणजे ऐन उन्हाळ्यांत बागाईत पीक घेणें, आणि तेंहि असें कीं, ज्याचें उत्पन्न एक पेंढीहि नाहीं.

हिरवळीचा हिशेब

१,००० चौरस फूट जमिनीवर एक इंच पाणी देण्यास सुमारे २,३६० लिटर लागतात. समुद्रापासून दूरच्या खोऱ्यांत भर उन्हाळ्यांत हिरवळीस आठवड्यास साधारण दीड इंच पाणी द्यावें लागतें, म्हणजे आठवड्यास ३,५०० लिटरांहून अधिक. वीस आठवड्यांचा हा खर्च सत्तर हजार लिटरांवर जातो. हें सर्व शुद्ध केलेलें, मापून विकत घेतलेलें पिण्याचें पाणी असतें.

२०१२ ते २०१६ ह्या वर्षांतील अवर्षणांत तेथील गव्हर्नरानें २०१५ च्या एप्रिलांत शहरांचा पाणीवापर शेंकडा २५ नें कमी करण्याचा हुकूम काढला, तेव्हां अनेकांनीं दारापुढील हिरवळ वाळूं दिली. २०२३ सालच्या कायद्यानें तर व्यापारी, औद्योगिक व सार्वजनिक संस्थांच्या आवारांतील केवळ शोभेच्या हिरवळीस पिण्याचें पाणी देण्यावर टप्प्याटप्प्यानें बंदी ठरविली आहे. खासगी घरास तो कायदा लागू नाहीं. पण वारा कोणत्या दिशेनें वाहत आहे हें घरधन्यानें ओळखावें.

आरंभींचीं कामें

(१) आवाराचा नकाशा कागदावर काढावा. सकाळीं, दुपारीं व सायंकाळीं सावली कोठें पडते, पावसाचें पाणी कोणीकडे वाहतें, व पन्हळ कोठें सुटतें याच्या खुणा त्यावर कराव्या.

(२) पाणी पुरविणाऱ्या संस्थेकडे चौकशी करावी. हिरवळ काढून कमी पाण्याचीं झाडें लावणारास अनेक संस्था चौरस फुटामागें ठराविक रक्कम देतात. मात्र हिरवळ काढण्यापूर्वीं अर्ज करावा लागतो. अगोदर खणून मग अर्ज करणारास ही रक्कम बहुधा मिळत नाहीं.

(३) वसाहतीच्या मंडळाचे नियम पाहावे. रचनेस मंडळाची संमति घ्यावी लागणें शक्य आहे, परंतु कमी पाण्याचीं झाडें लावण्यास सरसकट मनाई करण्याचा अधिकार कॅलिफोर्नियांत अशा मंडळांस नाहीं.

(४) खणण्यापूर्वीं कांहीं दिवस आधीं ८११ ह्या क्रमांकावर दूरध्वनि करावा. भूमिगत वायूच्या नळांच्या व विजेच्या तारांच्या जागीं खुणा करून दिल्या जातात, व त्याबद्दल आकार पडत नाहीं. ह्या कामांत आळस केल्यास प्राणावर बेतूं शकतें.

(५) घराकडून जमिनीस बाहेर उतार द्यावा. पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार असावा, असें तेथील बांधकामाचें प्रमाण आहे. पुष्कळ रँच-घरें जमिनीवरच ओतलेल्या काँक्रिटच्या लादीवर उभीं आहेत, आणि कित्येक भागांत आपल्या काळ्या रानासारखी ओलीनें फुगणारी व उन्हानें भेगाळणारी जमीन आहे. भिंतीलगत पाणी मुरलें तर ती जमीन एकीकडे फुगते, लादीस तडा जातो, आणि बागेंत वांचविलेले पैसे गवंड्यास द्यावे लागतात.

हिरवळ काढणें

साधी हिरवळ असेल तर ती अगदीं खालीं कापून, भिजवून, तिजवर जाड पुठ्ठे एकावर एक सहा इंच चढवून अंथरावे, व वर चार इंच लाकडाचा भुगा पसरावा. गवत अंधारांत मरतें, पुठ्ठा कुजून जमिनींत मिसळतो, आणि मजुरीहि थोडी लागते.

परंतु ‘बर्म्युडा ग्रास’ असेल तर सावध असावें. नांव परकें असलें तरी ही आपली हरळीच होय. तिचा चिवटपणा शेतकऱ्यास सांगावयास नको. पुठ्ठ्याखालून ती कडेनें पुन्हां डोकें काढते. तिच्यासाठीं भर उन्हाळ्यांत जमीन ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद चार ते सहा आठवडे घट्ट ताणून ठेवावा, आणि नंतर ज्या कशा वर येतील त्या खणून वेंचाव्या. हा उपाय पूर्ण होईपर्यंत एकहि रोप लावूं नये.

वाट

रँच-घरांत दाराकडे जाणारी वाट पुष्कळदां मोटारीच्या रस्त्यापासून निघते व अगदीं अरुंद असते. ती चार-पांच फूट रुंद करावी, म्हणजे दोन माणसांस जोडीनें चालतां येतें. वाटेस सर्वांत स्वस्त द्रव्य म्हणजे ग्रॅनाईटचा मुरूम. तो ओला करून धुमसानें चोपला कीं बसतो. आवारांतील जुनें काँक्रिट फोडावयाचेंच असेल तर त्याचे तुकडे टाकून देऊं नयेत. सपाट बाजू वर करून ते फरशीप्रमाणें बसवावे. त्यानें नवी फरशी घेण्याचा व राडारोडा वाहून नेण्याचा, असे दोन्ही खर्च टळतात.

झाडांची निवड

ठेंगण्या घरास झाडांचें माप फार जपून ठरवावें लागतें. दुमजली घरापुढें शोभणारा वृक्ष येथें घरास झांकून टाकतो. खिडकीखालीं लावावयाचें झुडूप पूर्ण वाढल्यावरहि खिडकीच्या खालच्या कडेपर्यंतच पोंचणारें, म्हणजे सुमारे तीन फुटांचें असावें. उंच झुडूप लावून दरवर्षीं कातरीत बसणें म्हणजे कायमची मजुरी पत्करणें होय.

मोठें झाड एकच, व तें दारासमोर न लावतां घराच्या कोपऱ्याकडे लावावें. पश्चिमेच्या अंगास पानगळीचें झाड असल्यास उन्हाळ्यांत दुपारची सावली मिळते, व हिंवाळ्यांत ऊन घरांत येतें. पश्चिमी रेडबड हें आपल्या कांचनाचें आप्त, आणि क्रेप मर्टल हें तामणाच्या कुळांतील. दोन्ही झाडें बैठ्या घरास साजेशा उंचीचीं आहेत.

झुडपांत लॅव्हेंडर, रोझमेरी व क्लीव्हलँड सेज हीं तिन्ही तुळशीच्या कुळांतील, सुवासिक व थोड्या पाण्यावर राहणारीं आहेत. त्या भूमींतीलच हवीं असल्यास निळ्या फुलांचा सिअनोथस, तांबूस खोडाचा मँझानिटा, व झुबक्यानें वाढणारें डिअर ग्रास घ्यावें. एकेका जातीचें एकेक रोप सगळीकडे विखुरण्यापेक्षां चार-पांच जातींचे तीन-तीन, पांच-पांच रोपांचे समूह करावे. लांब घरास ही रचना शोभते, आणि पाणी देण्यासहि सोपी पडते. अधिक पाण्याचें रोप कमी पाण्याच्या समूहांत कधींहि लावूं नये. सिअनोथस तर उन्हाळ्यांत वारंवार पाणी दिल्यानेंच मरतो.

रोपें लहान कुंडीचीं घ्यावीं. पांच गॅलन कुंडीचें रोप एक गॅलनच्या रोपापेक्षां कितीतरी महाग असतें, पण लहान रोप लवकर मूळ धरतें, व दोन-तीन वर्षांत दोहोंत फारसा फरक राहत नाहीं. अंतर पूर्ण वाढीच्या विस्ताराप्रमाणें सोडावें. ८०० चौरस फुटांस चार फूट अंतरानें ५० रोपें पुरतात. तींच घाईनें दोन फुटांवर लावलीं तर २०० लागतात, व पुढें त्यांतील बरींचशीं काढावीं लागतात. पहिल्या एक-दोन वर्षांत मोकळ्या जागेंत खसखशीच्या कुळांतील कॅलिफोर्निया पॉपीचें बीं फेंकावें. तें अल्प किंमतीचें असून केशरी फुलांनीं जागा भरून काढतें.

लावणीचा काळ व पाणी

येथें आपल्या वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. आपल्याकडे मृगाबरोबर लावणी करतात, पण कॅलिफोर्नियांत जून हा लावणीस वाईट महिना होय, कारण पुढें चार महिने पाऊस नसतो. तेथें ऑक्टोबर-नोव्हेंबरांत लावावें, म्हणजे हिंवाळी पावसावर मुळें खोल जातात व पहिला उन्हाळा सोसतात. दोन्ही देशांत नियम एकच कीं, रोप पावसाच्या तोंडावर लावावें. बदलतो तो केवळ पावसाचा महिना.

पहिलीं एक-दोन वर्षें ठिबकनें, पण खोलवर व अंतरानें पाणी द्यावें. रोज थोडें थोडें दिल्यास मुळें वरच्या थरांतच राहतात. छपरावरून येणारें पाणी गटारांत जाऊं न देतां घरापासून दहा फुटांपलीकडे उथळ चर काढून त्यांत मुरवावें. १,००० चौरस फूट छपरावर एक इंच पाऊस पडला कीं, कांहीं गळती धरूनहि दोन हजार लिटरांवर पाणी फुकट मिळतें.

आच्छादन आणि वणवा

उघडी जमीन म्हणजे तण व बाष्पीभवन. रोपांमध्यें तीन इंच जाड लाकडी भुगा पसरावा, मात्र खोडाभोंवतीं चार बोटें जागा मोकळी ठेवावी. १,००० चौरस फुटांस २५० घनफूट, म्हणजे आपल्या मापानें अडीच ब्रास भुगा लागतो. झाडें छाटणारे ठेकेदार तो पुष्कळदां फुकट टाकून जातात. खालीं प्लॅस्टिक घालूं नये, कारण त्यानें पाणी व हवा दोन्ही अडतात.

परंतु घरालगतच्या पहिल्या पांच फुटांत भुगा, वाळलेलें गवत किंवा झुडूप असूं नये. वणव्यांत घरें बहुधा ज्वाळेनें नव्हे, तर वाऱ्यानें उडून आलेल्या ठिणग्यांनीं पेट घेतात. आणि ठिणगी भिंतीशीं साठलेल्या भुग्यांत पडली कीं रुंद लाकडी वळचण तिच्या वाट्यास येते. वणव्याचा धोका असलेल्या भागांत हा नियम कटाक्षानें पाळावा. त्या पट्ट्यांत खडी किंवा मुरूम घालावा. त्यानें भिंत कोरडी राहते आणि वाळवीहि दूर राहते. खिडकीखालचीं झुडपें ह्या पट्ट्याच्या बाहेरच्या कडेस लावावीं.

खर्चाचा क्रम

सर्व काम एका हंगामांत उरकण्याची गरज नाहीं. पहिल्या वर्षीं उतार, हिरवळ काढणें, वाट व मोठें झाड. दुसऱ्या वर्षीं ठिबकची नळी, झुडपें व आच्छादन. तिसऱ्या वर्षीं मेलेल्या रोपांच्या जागा भरणें व स्वतःच्याच झाडांच्या फांद्यांपासून रोपें करणें. रोझमेरी व लॅव्हेंडर फांदीपासून सहज येतात. ह्या क्रमानें गेल्यास कर्ज न काढतां काम पुरें होतें.

आपल्याकडील उपयोग

आमच्या वस्तीवरील बैठ्या घरांसहि हाच विचार लागू पडतो. भुग्याऐवजीं उसाचें पाचट, रेडबडच्या जागीं कांचन किंवा तामण, लॅव्हेंडरच्या जागीं तुळस, तगर, अबोली व गवती चहा योजावा. आपल्या वाडवडिलांनीं अंगणांत गवत न वाढवितां तें चोपून, सारवून, बाहेर उतार देऊन ठेवलें, त्यांत घराचें रक्षण व पाण्याची काटकसर हे दोन्ही हेतु साधत होते. अलीकडे शेतांत नवें घर बांधणारे कित्येकजण दारापुढें विकतची हिरवळ अंथरूं लागले आहेत. फेब्रुवारीनंतर ज्या विहिरीचें पाणी जनावरांस पुरत नाहीं, त्याच विहिरीवर ती हिरवळ जगवावी लागते. म्हणून हिरवळीची लादी विकत आणण्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या अंगणाचे चौरस फूट मोजावे, वरील हिशेबानें आठवड्याचें पाणी काढावें, आणि तें वैशाखांत कोठून आणावयाचें हें अगोदर ठरवावें.