पडायला परवडेल असा ड्रोन

“काका, बाबांले समजवून सांगा ना.” दहावीतलं पोरगं काउंटरला रेलून मला हे म्हणतं. मागे त्याचा बाप उभा असतो, खांद्यावर दुपट्टा, खिशात कृषी केंद्राची पावती. अशा वेळी मला दोघांचंही पटतं. बोरी अरबात माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. आता टीव्ही कमी येतात, मोबाइल जास्त येतात आणि गेल्या दोन-तीन वर्षांत अधूनमधून पंख मोडलेले ड्रोनही येतात. पोरांचं मी रोजच ऐकतो. आज तुमच्याशी बोलतो. पैसे तुमचे जाणार आहेत, पोरगंही तुमचंच आहे.

पोरगं ज्या ड्रोनबद्दल बोलतं तो, आणि तुमच्या डोळ्यांपुढे येतो तो, हे दोन वेगळे आहेत. आपल्याकडे गावांनी ड्रोन पाहिले ते तीन कारणांनी. एक गावठाणाच्या मोजणीचा. २०२० साली स्वामित्व योजना आली, घरांच्या हद्दींवर चुन्याच्या रेघा मारल्या आणि वरून फोटो निघाले. दुसरा लग्नातला, वरातीवर घोंगावणारा. तिसरा फवारणीचा. त्या तिसऱ्याबद्दल यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला काही सांगायची गरज नाही. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात किती माणसं गेली, ते प्रत्येकाच्या लक्षात आहे. पाठीवरचा पंप उतरवणारं यंत्र म्हणून आपण त्या ड्रोनकडे आशेने पाहतो, ते बरोबरच आहे. पण तुमच्या पोराला हवा असलेला ड्रोन फवारत नाही, मोजत नाही, नवरदेवावर फुलंही टाकत नाही.

त्याला एफपीव्ही पाहिजे. पुढे बारका कॅमेरा असतो, त्याचं चित्र रेडिओलहरींवरून डोळ्यांवरच्या गॉगलमध्ये येतं आणि उडवणाऱ्याला वाटतं, आपणच आत बसलो आहोत. आंब्याच्या दोन फांद्यांमधून तो स्वतः निघतो. मी पहिल्यांदा गॉगल लावला तेव्हा काउंटर धरून उभा राहिलो होतो, पोटात ढवळलं. पोरांना का वेड लागतं, ते त्या दिवशी कळलं.

लग्नवाल्याच्या ड्रोनमध्ये आणि यात मोठा फरक आहे. लग्नातला ड्रोन म्हणजे घरची वाट माहीत असलेली बैलजोडी. गाडीवान डुलकी घेतो, तरी बैल गोठ्याशी आणून उभं करतात. त्या ड्रोनमध्ये जीपीएस असतं, रिमोटच्या काडीवरचा अंगठा काढला की तो हवेत जागेवर थांबतो, बॅटरी संपत आली की परत येतो. एफपीव्ही म्हणजे नुकतंच जुंपलेलं गोऱ्हं. ‘ॲक्रो’ मोडमध्ये तो ज्या बाजूला कलला त्याच बाजूला कललेला राहतो, सरळ करायचा तर तुम्हीच करा. हात सोडला की जमिनीवर. म्हणून पहिला ड्रोन निवडताना तो किती उंच जातो, किती पळतो, हे विचारूच नका. तो किती वेळा पडू शकतो आणि पडल्यावर किती रुपये लागतात, एवढं विचारा.

हे मला शहाणपणाने कळलेलं नाही. माझ्या मुलासाठी मी पहिलाच पाच इंची आणला. पाच इंच म्हणजे पंख्याचा व्यास. बॅटरीसकट अर्ध्या किलोच्या वर वजन, आणि ताशी शंभराच्या पुढे सहज जाणारा. शकुंतला रेल्वेच्या वेगाला सरावलेली माणसं आपण. चालत्या गाडीतून उतरून, बोरं वेचून परत चढता येतं म्हणायचे, आणि मी पोराच्या हाती हे दिलं! विकणारा म्हणाला, “लहान घ्याल तर महिन्यात मोठा मागेल, एकदाच घ्या.” मला ते किफायतशीर वाटलं. पहिल्या उड्डाणाचं एक मिनिटही झालं नाही. वावराच्या धुऱ्यावरून उठला, तिरपा झाला आणि तुरीच्या ओळींत गेला तो गेलाच. कार्तिकातली तूर, माणसाच्या छातीएवढी. तीन दिवस आम्ही तासं धुंडाळली. शेवटी वेचणीला आलेल्या बायांना पऱ्हाटीच्या बुडाशी सापडला. बॅटरी फुगलेली, कॅमेऱ्यात माती. पोरगा मला काही बोलला नाही. मी त्याला खूप बोललो, आणि चूक तर माझीच होती. पडलेल्या ड्रोनला शिटी वाजवायला लावणारा बारका बझर मिळतो, तो पन्नास रुपयांचा की शंभरचा, तेवढासुद्धा मी लावला नव्हता.

म्हणून सांगतो, आधी ड्रोन घेऊच नका. रिमोट घ्या.

रिमोट हा पाटा-वरवंटा आहे. वाटायचं काय ते बदलत राहतं, पाटा तोच राहतो. चांगला रिमोट चार ड्रोन म्हातारे होईपर्यंत टिकतो. ‘ईएलआरएस’ या पद्धतीचा, ‘मोड २’ म्हणजे उचलायची काडी डाव्या हाताला असलेला, लहान आकाराचा घ्या. रेडिओमास्टरचा ‘पॉकेट’ किंवा त्याच्या जोडीचा कोणताही चालेल. दुकानागणिक दर बदलतो, पण आपल्या हिशोबात सांगायचं तर साधारण एक क्विंटल कापूस. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये होता, त्याच्या आगेमागे. हा रिमोट केबलने संगणकाला जोडायचा आणि सिम्युलेटरवर उडवायचं. ‘लिफ्टऑफ’, ‘व्हेलोसिड्रोन’ अशी त्यांची नावं आहेत. पडद्यावर ड्रोन हजार वेळा आपटला तरी एक पंखाही विकत आणावा लागत नाही. घरी संगणक नसेल तर शाळेत विचारा, मामाकडचा जुना लॅपटॉप मागा, पण ही पायरी गाळू नका. माझा नियम आहे, सिम्युलेटरवर वीस तास झाल्याशिवाय ड्रोनची गोष्ट काढायची नाही. यात तुमचाही फायदा आहे. महिन्याभरात पोराचा उत्साह ओसरला, तर एक क्विंटलवर भागलं. नाही ओसरला, तर त्याला खरंच हवा आहे हे वाद न घालता कळलं.

मग ड्रोन. पहिला ड्रोन ६५ किंवा ७५ मिलिमीटरचा असावा. हे माप एका मोटरपासून तिरक्या समोरच्या मोटरपर्यंतचं. याला पोरं ‘व्हूप’ म्हणतात. पंख्यांभोवती प्लास्टिकची कडी, तळहातावर मावतो, बॅटरीसकट वजन एका मोठ्या पेढ्याएवढं. भिंतीवर आपटला की खाली पडतो, उचलून परत उडवायचा. माणसाला लागला तर ओरखडा येईल, बोट तुटणार नाही. पाच इंचीचा कार्बनचा सांगाडा आणि उघडी पाती यांच्याबद्दल मी हे म्हणू शकत नाही. बैठकीच्या खोलीत, बाजेच्या खालून, कोठीच्या दारातून हा व्हूप उडतो. पाऊस लागला की बोरीत पोरं कुठे जाणार? हा घरात शिकता येतो.

बाजारात दोन-अडीच हजारांत ‘कॅमेरावाला ड्रोन, फोनवर चित्र’ असंही मिळतं. ते खेळणं म्हणून ठीक आहे, पण त्याच्यावर एफपीव्ही शिकता येत नाही. फोनवर वायफायने येणारं चित्र थोडं उशिरा पोचतं. हिशोब करा. ताशी ६० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटर. चित्र अर्धा सेकंद उशिरा आलं, तर निंबाचं झाड आठ मीटर दूर दिसत असताना तुम्ही त्याच्यावर आदळलेले असता. गॉगलचं चित्र असं रेंगाळत नाही.

गॉगल दोन प्रकारचे, ॲनालॉग आणि डिजिटल. डिजिटलचं चित्र लखलखीत, किंमतही तशीच. सुरुवातीला ॲनालॉगच घ्या असं मी म्हणतो, आणि यात माझा जुना धंदाही बोलतो. ॲनालॉगमध्ये ड्रोन दूर गेला की चित्रात मुंग्या येतात, छतावरचा अँटेना हलला की दूरदर्शनवर यायच्या तशा. मुंग्या दिसल्या की परत फिरायचं, हे पोराला कोणी शिकवावं लागत नाही. चष्मा असेल तर डबीसारखा मोठा गॉगल घ्या, आत चष्मा मावतो.

रिमोट, व्हूप, गॉगल, चार-पाच बॅटऱ्या आणि चार्जर, सगळं मिळून माझ्या अंदाजाने तीन-साडेतीन क्विंटल कापूस. डिजिटलसकट पाच इंचीचा संच दहा क्विंटलच्या पुढे जातो. बॅटऱ्या चार-पाच का, तर एक तीन-चार मिनिटंच चालते. आणि याच बॅटरीबद्दल मी सगळ्यात जास्त टोकतो. ही लिथियम पॉलिमरची. साधा सेल ४.२ व्होल्टपर्यंत भरायचा, ‘एचव्ही’ लिहिलेला ४.३५ पर्यंत. चार्जरवर त्याची खटकी असते, ती चुकली आणि साधा सेल ४.३५ वर गेला की आगीला आमंत्रण. गादीवर, चुलीजवळ, रात्री झोपताना चार्जिंग नाही. जुन्या मातीच्या कुंडीत रेती भरा, तिच्यात ठेवून ओट्यावर चार्ज करा, आणि कोणीतरी जागं असलं पाहिजे. आठ दिवस उडवायचं नसेल तर ३.८ व्होल्टवर आणून ठेवा. वैशाखात आपल्या टिनाखालची खोली भट्टी होते, तिथे बॅटरी नको. फुगलेली बॅटरी पोराने हळूच वापरू नये म्हणून ती तुमच्याकडे जमा करा, अगदी पेपर जमा करतात तशी.

आता कायद्याचं. ऑगस्ट २०२१ मध्ये ड्रोन नियम आले. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’, त्याला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. दोन किलोपर्यंतचा ‘मायक्रो’ही पैसे कमावण्यासाठी नसेल तर प्रमाणपत्राशिवाय चालतो. प्रमाणपत्र १८ वर्षांनंतर आणि दहावी पास झाल्यावरच मिळतं. सरकारच्या हवाई नकाशावर हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत मोकळीक आहे. यवतमाळला विमानतळ आहे, तेव्हा त्या बाजूला काकाकडे गेलात तर आधी नकाशा बघा. दुसरं, ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशातून तयार ड्रोन मागवायला बंदी आहे, सुटे भाग आणता येतात. “दुबईवरून आणून देतो” म्हणणारा भेटला तर पैसे देऊ नका.

मला या बंदीचं एका अर्थी बरं वाटतं, हे कबूल करतो. सुटे भाग आले की पोरगं डाग द्यायला शिकतं. माझ्या दुकानात तीन पोरं शिकली. सोल्डरचा थेंब कधी चमकतो आणि कधी मळकट राहतो, हे कळायला त्यांना आठवडा लागला. मोटर तपासताना पंखे काढून ठेवायचे, हे मात्र पहिल्या मिनिटाला शिकवतो.

“पण याचा उपयोग काय?” हे तुम्ही विचारणारच. मी खोटं कशाला बोलू, कदाचित काहीच नसेल. क्रिकेटचा तरी किती जणांना होतो? ‘थ्री इडियट्स’ तुम्ही पाहिला असेल. त्यातला जॉय लोबो कॅमेरा लावलेलं उडतं यंत्र बनवतो, आणि त्याला वेळ मिळत नाही. खिडकीबाहेर ते यंत्र उडतं आणि पडद्यावर आतलं जे दिसतं, त्याबद्दल मी आईबापांसमोर जास्त बोलत नाही. सिनेमासाठी ते यंत्र मुंबई आयआयटीच्या पोरांनी २००७ मध्ये काढलेल्या आयडियाफोर्ज कंपनीने दिलं होतं. तीच कंपनी पुढे सैन्याला ड्रोन देऊ लागली, २०२३ मध्ये शेअर बाजारात आली. तुमचं पोरगं तिथे पोचेल असं काही मी म्हणत नाही. ॲक्रोमध्ये एक गोल गिरकी जमायला एका पोराने दोनशे वेळा ड्रोन उचलून आणला, एवढंच मी पाहिलं आहे. गणिताच्या पुस्तकाशी त्याची तेवढी सोबत मी पाहिलेली नाही.

तुमच्याकडे एक काम आहे आणि ते दुसऱ्या कोणाला देता येत नाही. गॉगल लावला की पोराला स्वतःच्या आजूबाजूचं काही दिसत नाही. विजेची तार, चरणारी बकरी, फटफटीवर येणारा माणूस, काही नाही. म्हणून शेजारी उघड्या डोळ्यांचा एक माणूस लागतो. त्याने ड्रोनवर नजर ठेवायची आणि तोंडाने सांगत राहायचं. रात्री उडवू देऊ नका. २०२४ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात बीड-जालन्याकडे रात्रीच्या ड्रोनच्या बातम्यांनी गावंच्या गावं जागत बसली होती, आपल्याकडे ती भीती नको. पहिल्या दिवशी पोलीस पाटलांना सांगून ठेवा, शेजारच्या वावरवाल्याला विचारा. लोकांच्या अंगणावरून, न्हाणीवरून ड्रोन नेला तर रिमोट आठ दिवस कपाटात, हे आधीच ठरवा.

आमच्या आळीतल्या एका पोरीकडे व्हूप आहे, आता ती बाहेर उडवते. बाप वावरात, आई शिवणावर, म्हणून हे काम तिच्या आजीकडे आलं. अडाण नदीकडे जाणाऱ्या वाटेवर मोकळी जागा आहे, तिथे म्हातारी दगडावर बसते, डोळ्यांवर हात धरून वर बघते. तिला मोड माहीत नाही, व्होल्ट माहीत नाहीत. परवा मी तिथून जात होतो. पोरगी गॉगल लावून उभी, ड्रोन बाभळीवरून घोंगावत होता.

“तारेकडे जाऊन रायलं वं, इकडे घे,” म्हातारी म्हणाली. ड्रोन वळला. थोड्या वेळाने वाटेवर घंटा वाजल्या.

“उतरव आता. गायी येऊन रायल्या.”